प्रस्तावना : माणसाच्या मनात लिहिलेला नियम बदलतो का?

पुढच्या पानांत तेराव्या शतकातले कॅथलिक विचारवंत सेंट टॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथातली कायद्यावरची आठ प्रकरणे, प्रश्न ९० ते ९७, मराठीत दिली आहेत. हे काम छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका माडीवरच्या खोलीत झाले. आम्ही चौघे दर रविवारी सकाळी जमायचो. लॅटिन मूळ मध्ये ठेवायचे, इंग्रजी भाषांतरे आजूबाजूला मांडायची आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचून त्याचे मराठी वहीत उतरवायचे. आमच्यात एकच जण कॅथलिक. बाकीच्या तिघांना हा ग्रंथ परका वाटू नये, एवढीच त्याची इच्छा होती. ती पहिल्या महिन्यातच पुरी झाली.

९४व्या प्रश्नाच्या पाचव्या उपप्रश्नापाशी मात्र आमची वही अडली, ती कित्येक आठवडे पुढे सरकली नाही. टॉमस तिथे विचारतात की निसर्गसिद्ध नीतिनियम बदलू शकतो का. उत्तर त्यांच्या रीतीप्रमाणे शांत आणि नेमके आहे. पण एका आक्षेपाचा परिहार करताना ते दोन उदाहरणे घेतात : एक मालमत्तेच्या वाटणीचे, दुसरे गुलामगिरीचे. या गोष्टी निसर्गाने घालून दिलेल्या नाहीत, मानवी जीवनाच्या सोयीसाठी माणसाच्या बुद्धीने त्या योजल्या, आणि अशी भर पडल्याने मूळ नियमाला बाध येत नाही, असा त्यांचा आशय. ते वाक्य मराठीत उतरवून त्या रविवारी आम्ही खाली आलो. चौकात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. ज्यांच्या पुस्तकाचे नावच ‘गुलामगिरी’, त्यांच्यासमोरून ते वाक्य खिशात घेऊन जाणे मला जड गेले. ही प्रस्तावना त्या जडपणातून लिहिली आहे.

आधी शब्दाविषयी. मूळ शब्द ‘लेक्स नातुरालिस’. त्याचे सरळ मराठी ‘निसर्गनियम’ असे होईल. पण निसर्गनियम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उताराला वाहणारे पाणी येते, माघात मोहरणारा आंबा येतो. ते नियम कुणाला मोडता येत नाहीत. टॉमस ज्याविषयी बोलतात तो नियम रोज मोडला जातो, आणि मोडणाऱ्यालाही आत कुठेतरी ते ठाऊक असते. ‘नैसर्गिक कायदा’ हा शब्द विधी महाविद्यालयांत चालतो, पण त्याला न्यायालयाचा वास आहे. त्याचा सख्खा भाऊ ‘नैसर्गिक न्याय’ आपल्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हे त्यातले मुख्य तत्त्व. आम्ही शेवटी ‘निसर्गसिद्ध नीतिनियम’ हा शब्द पत्करला. पण नैसर्गिक न्यायाचे ते तत्त्व वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

टॉमस यांची मांडणी थोडक्यात अशी. कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी बुद्धीने घातलेली व्यवस्था. समाजाची काळजी वाहणाऱ्याने ती करावी आणि सर्वांना जाहीर करावी. सगळी सृष्टी ईश्वराच्या बुद्धीने चालते, हा शाश्वत नियम. दगड आणि झाडे तो नुसता पाळतात. माणूस तो आपल्या बुद्धीने थोडाफार जाणू शकतो आणि त्यात सहभागी होऊ शकतो. या सहभागालाच निसर्गसिद्ध नीतिनियम म्हणायचे. त्याचे पहिले सूत्र हे की चांगले ते करावे, वाईट ते टाळावे. मग माणसाच्या स्वाभाविक ओढींवरून पुढची सूत्रे येतात. जीव राखण्याची ओढ सगळ्या वस्तुमात्राशी समान, संतती वाढवण्याची प्राण्यांशी समान, आणि सत्य जाणण्याची, समाजात राहण्याची ओढ फक्त माणसाची. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होऊ शकते. अडचण येते ती या सूत्रांवरून रोजच्या व्यवहाराचे निष्कर्ष काढताना. सूत्रापासून जितके लांब जावे तितके अपवाद वाढतात, हे टॉमस स्वतःच सांगतात. ठेव मागितली की परत करावी, हा चांगला निष्कर्ष आहे. पण ठेवणारा आपल्याच देशाविरुद्ध लढायला ती मागत असेल, तर परत करणे हाच अन्याय ठरतो. तेव्हा बदलाचा पहिला प्रकार हा : नियम तोच, प्रसंग वेगळा.

दुसरा प्रकार व्याजाचा. टॉमस यांच्या मते कर्जावर व्याज घेणे अन्यायाचे होते. धान्य खाल्ले की संपते, तसा पैसाही वापरला की हातचा जातो. मग वस्तूची किंमत वेगळी आणि तिच्या वापराची वेगळी, अशा दोन किमती कशा घेता येतील? १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हीच शिकवण पुन्हा बजावली, तरी इतर न्याय्य कारणांनी जास्तीचे घेण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली. १९१७च्या चर्चच्या कायदेसंहितेने कायद्यात बसणारे व्याज मान्य केले. मधल्या काळात पैशाचे काम बदलले होते. तो भांडवल झाला होता, व्यापाराला आणि कारखान्याला लागणारे बी झाला होता. मराठवाड्यातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. बँकेतल्या मुदत ठेवीवर मिळणारे व्याज आणि पाऊस लांबल्यावर दुबार पेरणीसाठी सावकाराकडून काढलेल्या पैशावरचे व्याज, ही दोन वेगळी माणसे आहेत हे इथे शेंबड्या पोरालाही कळते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखाती जाळली, आणि २०१४ साली महाराष्ट्राला सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला. दुसऱ्याच्या अडचणीवर पोट भरू नये, हे सूत्र १३व्या शतकात जिथे होते तिथेच आजही आहे. बदलला तो पैसा.

गुलामगिरीचे प्रकरण या दोन्ही प्रकारांत बसत नाही, आणि म्हणून ते अवघड आहे.

१५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. पोर्तुगीजांना गोवा घेऊन ५७ वर्षे झाली होती. परिषदेपुढे गुलामांचा प्रश्न आला आणि एखादा माणूस गुलाम म्हणून बाळगणे कोणत्या कारणांनी न्याय्य ठरते, याची तिने यादी केली. तो गुलाम आईच्या पोटी जन्मला असेल, न्याय्य युद्धात धरला गेला असेल, त्याने स्वतःला विकले असेल, बापाने अत्यंत गरजेपोटी विकले असेल, किंवा त्याच्या देशाच्या न्याय्य कायद्याने त्याला ती शिक्षा झाली असेल. यादीमागे मनमानीला आळा घालण्याचा विचार दिसतो. परिषदेतली माणसे टॉमस वाचलेली होती. तर्कात कुठे ढिलाई नाही. आणि याच गोव्यात १५८३ ते १५८८ या काळात राहिलेल्या लिन्स्होटन या डच प्रवाशाने रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. तिथे इतर मालाबरोबर माणसे विकली जात.

परिषद भरली तेव्हा इथिओपियात जन्मलेला एक तरुण साधारण विशीत होता. लहानपणीच तो विकला गेला होता, पुढे बाजार आणि मालक बदलत गेला आणि अखेर दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी पडला. त्याचे नाव मलिक अंबर. पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे रोखून धरले आणि १६१० साली खडकी हे गाव वसवले. तेच आपले आजचे शहर. ज्या नहरीने या शहराला शतकानुशतके पाणी दिले ती त्याची. त्याची कबर खुलताबादला आहे. आम्ही ज्या पेठेत बसून टॉमस वाचत होतो, ती पेठ एका विकल्या गेलेल्या माणसाने वसवलेल्या गावात आहे. माणसाच्या बुद्धीने सोयीसाठी केलेली भर म्हणजे काय, याची साक्ष तो देऊ शकला असता. गोव्याच्या परिषदेत अशा एकाही माणसाला कुणी काही विचारले नाही. यादी मालकाच्या बाजूने तपासली गेली. जिच्यावर निकाल लागायचा होता, ती बाजू ऐकली गेली नाही.

कॅथलिक परंपरेत दुसरा आवाज नव्हता असे नाही, आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ सालीच अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे बजावले होते. बार्तोलोमे दे लास कासास यांनी त्या लोकांसाठी आयुष्य वेचले. त्यांनीच सुरुवातीला आफ्रिकेतून गुलाम आणण्याचे सुचवले होते. त्या व्यापाराचे खरे रूप कळल्यावर त्यांनी आपल्या त्या सूचनेचा पश्चात्ताप लिहून ठेवला. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पण खुद्द गुलाम बाळगण्याविषयी रोममधल्या होली ऑफिसने, म्हणजे चर्चच्या शिकवणीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने, २० जून १८६६ रोजी कळवले की मूळ स्वरूपात पाहिले तर गुलामगिरी निसर्गसिद्ध नियमाच्या विरुद्ध नाही. हे उत्तर ज्या धर्माधिकाऱ्याला गेले तो इथिओपियातल्या गल्ला लोकांमध्ये काम करत होता. मलिक अंबरला ज्या भूमीतून नेले, तिच्यासाठीच सुमारे तीनशे वर्षांनी हे पत्र लिहिले गेले.

त्यानंतर सात वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. रोमच्या कार्यालयाला जे दिसले नाही ते फुल्यांना दिसले, कारण ते गुलामगिरीकडे खालून पाहत होते. पोप तेरावे लिओ यांचे गुलामगिरीविरुद्धचे परिपत्रक १८८८चे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली गुलामगिरीला मानवी प्रतिष्ठेविरुद्धच्या निंद्य गोष्टींत गणले. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘वेरितातिस स्प्लेंदोर’ या परिपत्रकात तीच यादी उद्धृत केली. तिथे विषय होता तो कोणत्याही प्रसंगी, कोणत्याही हेतूने समर्थन न होणाऱ्या कृत्यांचा. १५६७ची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली, तर दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मधल्या चारशे वर्षांत पैसा बदलला असेल, माणूस बदलला नव्हता. विकल्या जाणाऱ्या मुलाची आई १५६७ मध्येही रडतच होती.

मग काय बदलले? दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक असे की काहीच बदलले नाही, होते तेच समजणे खोल झाले. हे उत्तर जखम झाकते. १८६६चे उत्तर उथळ नव्हते, चुकीचे होते, आणि त्या चुकीची किंमत कुणीतरी पाठीवर वळ घेऊन मोजली. दुसरे उत्तर असे की नीती काळाप्रमाणे बदलतेच, त्या काळी ते योग्य, या काळी हे योग्य. हे उत्तर ऐकायला उदार आहे, पण ते मान्य केले तर गुलामगिरी गेली म्हणजे सुधारणा झाली असे म्हणण्याचा अधिकारच आपण गमावतो. फक्त फॅशन बदलली, एवढेच म्हणता येईल. उद्या ती फिरली आणि माणसांचे लिलाव परत आले, तर कोणत्या तोंडाने ‘हे वाईट’ म्हणायचे? फुले काळाची आवड सांगत नव्हते. हे आधीपासूनच चूक होते, असे ते सांगत होते. त्या ‘आधीपासूनच’ या शब्दात न बदलणारा नियम आहे.

वही अडली होती ती याच जागी, आणि वाट सापडली ती पुढच्याच पानावर. सहाव्या उपप्रश्नात टॉमस विचारतात की हा नियम माणसाच्या मनातून पुसला जाऊ शकतो का. ते सांगतात, पहिली सूत्रे पुसली जात नाहीत. पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष वाईट समजुतींनी, दुष्ट रूढींनी आणि बिघडलेल्या सवयींनी पुसले जाऊ शकतात. त्याआधी चौथ्या उपप्रश्नात त्यांनी उदाहरणही दिले आहे : ज्युलियस सीझरच्या वृत्तांताप्रमाणे जर्मन लोकांना एके काळी लूटमार गैर वाटत नसे. दुसऱ्यांच्या रूढीत झाकला गेलेला नियम टॉमस यांना स्पष्ट दिसला. आपल्या रूढीत, आपल्या अर्थव्यवस्थेत झाकला गेलेला दिसला नाही. सहाव्या उपप्रश्नातली कसोटी त्यांनी पाचव्यातल्या आपल्याच उदाहरणाला लावली असती, तर गुलामगिरीला त्यांनी बुद्धीने केलेली भर न म्हणता रूढीने पुसलेला निष्कर्ष म्हटले असते. त्यांना चूक ठरवायला बाहेरून साधन आणावे लागत नाही. ते त्यांनीच हातात दिले आहे. माझ्या दृष्टीने या ग्रंथाचे मोठेपण इथे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. नियम बुद्धीला कळतो हे टॉमस यांचे सूत्र खरे आहे. पण बुद्धी एकट्या खोलीत बसून पुरेशी होत नाही. ज्याच्यावर निष्कर्षाचा भार पडतो त्याचे ऐकल्याखेरीज निसर्गसिद्ध नियमाचा कोणताही निष्कर्ष पक्का मानू नये. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व न्यायालयाइतकेच नीतिशास्त्रालाही लागू आहे. शिकवणीतला एखादा बदल दुरुस्ती आहे की घसरण, हे ओळखण्याची खूणही त्यातच सापडते : बदलानंतर ‘माणूस’ या शब्दात आधी न मोजलेले कुणी मोजले जाऊ लागले का, की आधी मोजलेले कुणी वगळले गेले?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. आपल्या धर्मशास्त्रात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हा सर्वांसाठीचा सामान्य धर्म सांगितला आहे, आणि त्याच्या शेजारीच वर्णावर्णाचा वेगळा धर्मही. शास्त्राने मान्य केलेले कृत्यही लोकांना निंद्य वाटत असेल तर करू नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. एके काळी विहित असलेली नियोगासारखी कित्येक कृत्ये कलियुगात वर्ज्य ठरली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात या कलिवर्ज्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे. दोन परंपरांतला फरक बोलका आहे. बदल का झाला, याचे कारण आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी युगाच्या ऱ्हासात शोधले : माणूस उणा झाला, म्हणून जुने आचार त्याला झेपत नाहीत. कॅथलिक लेखकांनी ते बुद्धीच्या वाढीत शोधले : माणूस हळूहळू जाणता झाला. दिशा उलट असली तरी पूर्वजांची चूक झाली असे दोघांनाही सरळ म्हणवत नाही. ते म्हणायला फुले लागले.

काही प्रश्न अजून चालू आहेत आणि त्यांच्यावर निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमनाला निसर्गसिद्ध नियमाच्या आधारे नकार दिला. तेव्हापासून कॅथलिक घरांत आणि विद्यापीठांत तो वाद थांबलेला नाही. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवला. त्यात दोन प्रकारचे बदल मिसळलेले दिसतात : तुरुंगांची व्यवस्था सुधारली, हा प्रसंगातला बदल. गंभीर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा नाहीशी होत नाही ही वाढलेली जाण, हा दृष्टीतला बदल. नागपूर आणि येरवडा इथे फाशीघर असलेल्या राज्यातल्या वाचकाने हा प्रश्न परका मानू नये. वाचकाने प्रत्येक वेळी एवढेच विचारावे : इथे पैशासारखी वस्तू बदलली आहे, की आपले डोळे उघडले आहेत, की आपण ते मिटून घेत आहोत? आणि ज्याच्यावर हे बेतणार आहे त्याला कुणी विचारले का?

इथल्या चर्चच्या घरातला प्रश्नही टाळता येत नाही. मराठवाड्यातले कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावासारख्या खेड्यांतून वाढले आणि १९७७ साली इथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या श्रद्धावंतांतली कित्येक कुटुंबे दलित समाजातून आलेली. गावकुसाबाहेरचा अनुभव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद शिरला असल्याची कबुली दिली. अशी कबुली म्हणजे सहाव्या उपप्रश्नाचे आजचे उदाहरण. रूढीने काय पुसले होते, हे तिथे नाव घेऊन सांगितले गेले.

भाषेविषयी शेवटचे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली निघाले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. कॅथलिक विचार मराठीत चारशे वर्षे नांदतो आहे. भक्ती आणि कथा त्यात भरपूर आल्या. तर्काचा, वादाचा भाग मात्र कमी आला. तो भरून काढण्याचा हा लहानसा प्रयत्न आहे. टॉमस यांची रीत अशी की आधी विरोधकांचे आक्षेप त्यांच्या पूर्ण बळासह मांडायचे, मगच स्वतःचे उत्तर द्यायचे. वादविवादाची आवड असलेल्या आपल्या लोकांना पूर्वपक्ष-सिद्धान्ताची ही चाल आपलीच वाटेल. मला एवढेच दिसते की त्यांच्या पूर्वपक्षांत गुलामाचा पूर्वपक्ष कधी आला नाही. तो वाचकाने वाचताना घालावा.

गुलामगिरीविषयीचे ते वाक्य आम्ही सौम्य केलेले नाही, गाळलेले नाही, त्याला सारवासारवीची तळटीपही जोडलेली नाही. ते आहे तसे छापले आहे. फक्त पानांची जुळणी करताना एक गोष्ट मुद्दाम केली. पाचवा उपप्रश्न डाव्या पानावर आणि सहावा उजव्या पानावर घेतला. तिथे पुस्तक उघडले की दोन्ही एकदमच डोळ्यांसमोर येतील.